अकरा नावं

"काही खाल्लंय का सकाळपासून?"

हा प्रश्न मी त्या सकाळी पंधराव्यांदा विचारत होते, आणि पंधराव्यांदाही उत्तर मला आधीच ठाऊक होतं.

हौसाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकावर आलं होतं. मागे आमच्या देवीच्या मंडळातल्या पाच-सहा बायका पदरानं वारा घालत उभ्या होत्या. शेजारी त्यांची सून सारिका, ओटीची पिशवी छातीशी धरून.

"न्हाई ताई," हौसाक्का म्हणाल्या. "सातवी माळ हाय आज. मी काय खाणार?"

"पाणी?"

"घोटभर. तेबी खाली पायथ्याला."

मी मान हलवली आणि ग्लुकोजचा पेला त्यांच्या ओठाला लावला.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. चौरंगीच्या डोंगराला साडेचारशे पायऱ्या आहेत. बरोबर मध्यावर, चिंचेखालच्या टप्प्यावर आमचं प्रथमोपचार केंद्र होतं. केंद्र म्हणजे एक ताडपत्री, दोन बाकं, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि लाल पिशवी. त्याच्या तीन वर्षं आधी यात्रेत ट्रॉली उलटली आणि माणसं नुसती रस्त्यावर पडून राहिली, तेव्हा डॉक्टर घोरपड्यांनी आम्हा गावकऱ्यांचं पथक उभं केलं. शाळेच्या हॉलमध्ये रविवारी शिकवायचे. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार. मी बालवाडीत शिकवायचे. माझ्या जोडीला हुसेनभाई मुल्ला असत. त्यांचा दुधाचा टेम्पो होता.

"पंधरा," हुसेनभाईंनी पाटीवर रेघ ओढली. "ताई, आज देवीपेक्षा आपलं ग्लुकोजच जास्त लोकांना पावायला लागलंय."

बायका हसल्या. हौसाक्काही हसायला गेल्या, पण मधेच त्यांनी तोंड वाकडं केलं आणि हनुवटीवर हात ठेवला.

"दात दुखतोय का?" मी विचारलं.

"न्हाई ओ. कसंतरीच हुतंय. बसवा मला."

बसवलं.

"नगं, आडवं करा."

आडवं केलं. मिनिटभरानं पुन्हा उठून बसल्या. कूस बदलली. सोन्याची बोरमाळ गळ्यापासून लांब ओढून धरली. "लई उकडतंय गं सारिका." ऑक्टोबरचं ऊन होतं, पण चिंचेखाली गार होतं. मलाच पाठीवर शहारा येत होता. मी त्यांचा हात धरला. तळवा ओला, थंडगार.

उपाशी माणसाला असाच घाम सुटतो. हे मला पुस्तकातून नाही, अंगानं माहीत होतं. एकोणीस वर्षं मी नवरात्राचे नऊ दिवस एक पेला दूध आणि एका फळावर काढत होते. रोज पहाटे देवीची एकशे आठ नावं म्हटल्याशिवाय पाण्याला तोंड लावत नसे. मंडळात नऊ दिवसांचे उपवास धरणाऱ्या बायका नवमीला कुंकुमार्चनात पहिल्या ओळीत बसत. तो नियम मीच घातला होता. कुणी मधे उपवास सोडला, तर ती आपणहून मागच्या ओळीत जायची. कुणी काही बोलत नसे. बोलायची गरजच नव्हती.

त्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी हौसाक्का माझ्या दारात आल्या होत्या. "ताई, आवंदा माझंबी नाव घ्या. नऊच्या नऊ." त्यांना रक्तदाब होता, साखर होती. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारलंत का? "इचारलंय की," म्हणाल्या. मला आनंद झाला. पुढे मी काही विचारलं नाही.

"साखरेच्या गोळ्या चालू आहेत ना?" आता मी विचारलं.

"हायत."

"मग हेच. गोळी घ्यायची आणि पोटात काही नाही. साखर उतरली."

सारिका म्हणाली, "ताई, जरा..."

"पाणी आण तू," हौसाक्का तिच्यावर खेकसल्या. "उभी काय ऱ्हायलीस खांबासारखी?"

सारिका पाणी आणायला गेली.

साखर मोजायचं यंत्र दोन केंद्रांत मिळून एकच होतं, ते वरच्या टप्प्यावर होतं. हुसेनभाई ते घेऊन धापा टाकत आले. हौसाक्कांच्या बोटाला सुई टोचली.

"एकशे अडुसष्ट," ते म्हणाले. मग पुन्हा आकड्याकडे बघितलं. "उपाशी माणसाची एकशे अडुसष्ट?"

"आत्ताच ग्लुकोज पाजलंय ना मी."

"मग मोजून काय कळलं?"

डॉक्टर घोरपडे आमच्याकडून घोकून घ्यायचे: आधी विचारा, मग मोजा, मग द्या. पहिल्या चार-पाच जणींना मी तसंच केलं होतं. प्रत्येक वेळी यंत्रावर ऐंशीच्या खालचे आकडे. मग यंत्र वर गेलं आणि मी मोजायचं सोडून दिलं. नवरात्र, डोंगर, बाई, चक्कर. अजून काय मोजायचं होतं?

"दाब?" मी विचारलं.

"कमीच लागतोय. नव्वद बघा. नाडी पळतीय." हुसेनभाई खाली वाकून हळूच म्हणाले, "ताई, मला ही बाई बरी दिसत न्हाई. खालून गाडी बोलवू?"

"दहा मिनिटं बघू. ग्लुकोज लागू पडायला वेळ लागतो."

"घाम थांबंना."

"थांबेल."

मी हे इतक्या शांतपणे म्हटलं, की ते पुन्हा बाजूला जाऊन बसले. माझा आवाज तसाच आहे, लहानपणापासून. माणसांना वाटतं हिला कळतंय.

हौसाक्का पुन्हा उठून बसल्या. "ताई, जीव घाबरा हुतोय. तुमी नावं म्हणा. तुमी म्हटली की मला बरं वाटंल."

बायका लगेच पुढे सरकल्या. एकीनं हौसाक्कांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. माझ्या पायात चपला नव्हत्याच, तरी खडकावर पाण्यानं पाय धुतले, त्यांच्या उशाशी बसले, हात हातात घेतला आणि सुरुवात केली.

आमच्याकडे एकदा संकल्प करून नावं सुरू केली, की एकशे आठ पुरी होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. मधे बोललं तर नावं तुटतात. तुटलेली नावं अर्धवट सोडलेल्या औक्षणासारखी, ज्याच्यासाठी म्हणायची त्यालाच बाधतात असं माझ्या आईनं मला सांगितलं होतं, आणि तिला तिच्या आईनं. माझ्या घरात दूध उतू गेलं तरी मी मधे बोलले नव्हते.

विसाव्या नावाला हौसाक्कांचा श्वास जरा संथ झाल्यासारखा वाटला. मला बरं वाटलं. तिसाच्या आसपास सारिका पाणी घेऊन आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"ताई."

मी डोळ्यांनी तिला थांब म्हटलं.

"ताई, एक सांगायचं हुतं."

बाकीच्या बायकांनी तिला गप्प केलं. "अगं नावं चाललीत. कळत न्हाई का?"

ती थांबली. पण बसून राहिली नाही. उभी राहायची, चार पावलं चिंचेच्या बुंध्यापर्यंत जायची, परत यायची. तिच्या पायातले पैंजण वाजत होते आणि मला त्यांचा राग येत होता. माझं लक्ष नावांवरून ढळत होतं. मी डोळे मिटून घेतले.

मिटल्या डोळ्यांना हौसाक्कांची बोटं कळत होती. मुठीत माझा अंगठा धरून त्या तो पिळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा पिळत होत्या. पैंजण लांब गेले. हुसेनभाई बसले होते तिकडे कुठेतरी थांबले.

मग जोरात पावलं वाजली.

"ताई, थांबवा!"

मी डोळे उघडले. हुसेनभाई समोर होते. त्यांच्या मागे सारिका रडत होती.

"ही काय म्हणतीय ऐका. बाई उपाशी न्हाई. सकाळी भाकरी खाल्लीय, पिठलं खाल्लंय. आणि पहाटेपास्नं डावा खांदा आणि जबडा..."

सत्त्याण्णव झाली होती. अकरा नावं राहिली होती.

मी हात वर केला.

उजवा हात, तळवा पुढे करून. बालवाडीत मुलं दंगा करतात तेव्हा मी करते तसा. थांबा. आणि मी अठ्ठ्याण्णवावं नाव घेतलं. नव्व्याण्णवावं घेतलं. मला ऐकू आलं होतं ते. जबडा हा शब्द मला नीट ऐकू आला होता. त्याचा अर्थ काय हे डॉक्टरांनी फळ्यावर बाईचं चित्र काढून शिकवलं होतं, बायकांना छातीत कळ येईलच असं नाही, म्हणून. तरी माझी जीभ पुढेच जात होती. अजून थोडीच राहिलीत, पुरी झाली की उठू, तुटली तर हिलाच बाधेल.

हुसेनभाई माझ्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. एकशे आठावं नाव मी घेतलं तेव्हा ते लाल पिशवीतली रक्त पातळ करायची गोळी शोधत होते.

"चावून खा," त्यांनी हौसाक्कांना सांगितलं. "गिळायची न्हाई, चावायची."

हौसाक्कांनी गोळी हातात धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, उपासाला चालंल का?"

"चालेल," मी म्हणाले. "चावा. लवकर चावा."

खुर्चीत बसवून दुपट्ट्यांनी बांधलं. हुसेनभाई आणि पथकातले तिघे खांदा द्यायला. खाली जायच्या सव्वादोनशे पायऱ्या, आणि समोरून सगळी यात्रा वर येत होती. मी पुढे झाले वाट काढायला.

"बाजूला व्हा," मी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. माझा आवाज दोन पायऱ्यांपुढे जातच नाही.

"बाजूला व्हा! वाट द्या!"

वर येणाऱ्यांना दिसलं ते एवढंच: कपाळभर कुंकू, मोकळे केस, मान डोलतेय, खुर्चीत बसवून चौघे घेऊन येतायत आणि पुढे मी, देवीच्या मंडळातली. एकानं हात जोडले. "अंगात आलंय बाईच्या!" मग "उदे उदे" सुरू झालं. लोक बाजूला व्हायच्या ऐवजी जवळ आले. एका म्हातारीनं हौसाक्कांच्या पायावर डोकंच ठेवलं. एकानं तान्हं पोर त्यांच्या मांडीवर टेकवायला पुढे केलं. "आई, एवढ्याला हात लावा."

"अंगात न्हाई वो!" हुसेनभाई ओरडले. "हार्ट अटॅक आलाय! सरका!"

"उदे उदे!" लोक म्हणाले.

मी त्या म्हातारीला दंडाला धरून बाजूला ओढलं. ती पडता पडता वाचली. पोराला घेतलेल्या माणसाला मी ढकललं. आयुष्यात मी कुणाला ढकललं नव्हतं. "मरतेय ती! मरतेय!" हा आवाज माझा होता आणि तो पार खालच्या कमानीपर्यंत ऐकू गेला, असं नंतर लोक म्हणाले. मधल्या वळणावर हौसाक्कांची मान एका बाजूला पडली, तेव्हा गर्दी आपोआप फाटली.

पायथ्याशी थांबलेली गाडी सुरू झाली. दारात हुसेनभाई चढले, सारिका चढली. माझ्यासाठी जागा नव्हती. हुसेनभाईंनी दार ओढून घेतलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

तालुक्याहून त्यांना शहरात नेलं. संध्याकाळी कळलं, वाचल्या. रक्तवाहिनीत नळी बसवली. हृदयाचा एक भाग मात्र गेला. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी दूधही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मंडळात गेले, तर तिथे वेगळीच गोष्ट तयार झालेली होती. "ताईंनी नावं म्हटली म्हणून बाई वाचली." "यम दारात होता, पण नावं पुरी हुईस्तवर आत येता येईना." मी खूप वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. आरतीला मला टाळ धरता येईना. घरी येऊन अंगणात फेऱ्या मारत राहिले. हुसेनभाईंना फोन केला.

"अकरा नावांना किती वेळ लागला असेल?" मी विचारलं.

"म्या घड्याळ बघितलं न्हाई ताई," ते म्हणाले. "नगा इचारू."

नवमीला सकाळी सारिकाचा फोन आला.

"ताई, तुमी येता का हितं? आत्या काय खाईनात. गोळ्याबी घेईनात. म्हणत्यात, घट उठल्याबिगर तोंडात काय घालणार न्हाई. डॉक्टर वरडून गेलं. रिकाम्या पोटी गोळ्या द्यायच्या न्हाईत म्हणत्यात, आणि गोळी चुकली तर नळी पुन्हा बंद पडंल म्हणत्यात. काल रातीची तर गेलीच."

कुंकुमार्चन अकराला होतं. मी मंडळाची किल्ली शेजारी दिली आणि एसटी धरली.

हौसाक्का भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. अंगाला तारा लावलेल्या. मला बघून त्यांनी पदर डोक्यावर घेण्याची धडपड केली. दवाखान्याच्या अंगरख्याला पदर कुठला.

"सारिकानं सांगितलं तुमाला," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

"तिसऱ्या माळंपास्नं खात हुते. डॉक्टर म्हटला हुता, उपास केलास तर मरशील. चुलीम्होरं बसून खायचे, कुणी बघंना आसं. देवीनं दावलं बघा मला. तिच्या डोंगरावरच आडवं केलं. आता हे दोन दिस तरी खरं करू द्या."

"मी विचारलं होतं तुम्हाला," मी म्हणाले. "दोनदा विचारलं. मला का नाही सांगितलंत?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. खरंच नवल वाटलं असावं त्यांना.

"तुमास्नी?" त्या म्हणाल्या. "ताई, दुसऱ्या कुणीबी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं. त्या हुसेनला सांगितलं आसतं की. तो काय म्हणला आसता, हसला आसता. तुमच्या तोंडाकडं बघून कसं सांगू?"

बाहेर कुणाचं तरी स्ट्रेचर गेलं. चाकं वाजत होती. सारिका खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होती.

"हौसाक्का, सारिका सांगायला आली होती मला," मी म्हणाले. "हुसेनभाईंनी सांगितलंसुद्धा. जबडा दुखतोय म्हणाले. मी थांबले नाही. अकरा नावं राहिली होती, ती पुरी केली. तुमचा तेवढा वेळ मी घालवला."

हे बोलून टाकलं की माझं काहीतरी होईल असं मला एसटीत वाटत होतं. त्या चिडतील, सारिका चिडेल.

हौसाक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला. सुया टोचून काळानिळा पडलेला हात.

"बरं केलंसा," त्या म्हणाल्या. "नावं तोडू नयेत."

सारिकानं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

कपाटावर झाकलेली वाटी होती. दलिया. गार होऊन वर पापुद्रा धरलेला. शेजारी कागदात चार गोळ्या. मी बेसिनवर हात धुतले, वाटी उचलली, चमचा भरला.

"नगं ताई," हौसाक्कांनी तोंड फिरवलं. "तुमीच आसं करायला लागला तर..."

चमचा मी माझ्या तोंडात घातला.

गिळायला वेळ लागला. हौसाक्का कोपरावर उठल्या, त्यांच्या उशाशी यंत्र टुकटुक करायला लागलं.

"ताई! आवो ताई! आज नवमी हाय!"

"माहीत आहे."

"आवो, उंद्या घट उठायचं आन् तुमी आज... एकुणीस वर्सांचं..."

"सारिका, त्यांना मागे उशी लाव."

सारिकानं उशी लावली. हौसाक्का रडत होत्या. मोठ्यानं, लहान पोरासारख्या, नाक वाहत होतं आणि माझी चूक झाल्यासारख्या माझ्याचकडे बघत होत्या. मी चमचा भरून पुढे धरला. थोडा दलिया चादरीवर सांडला. मी धरून राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्या रडत राहिल्या, मग हुंदके आले, मग नाक पुसलं आणि तोंड उघडलं.

दोन वेळा चावलं. कपाळाला आठी पडली.

"मीठच न्हाई की ह्यात," त्या म्हणाल्या.

मला चव कळलीच नव्हती. मी आणखी एक चमचा खाऊन बघितला.

"नाही," मी म्हणाले. "आ करा."